जाड वायर, बारीक वायर आणि संथ सरकणारे इलेक्ट्रॉन : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : एकाच वाटेवर जाड आणि बारीक वायर लागली, तर करंटचं, वेगाचं आणि उष्णतेचं काय होतं? बारावीच्या पुस्तकापासून बोअरच्या केबलपर्यंत हा प्रश्न आहे, म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक अशा तारेतून स्थिर विद्युतधारा वाहते. धारा, धारेची घनता (छेदाच्या दर क्षेत्रफळामागची धारा), विद्युत क्षेत्र आणि ड्रिफ्ट वेग (इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेग) यांपैकी सगळीकडे सारखं काय? उत्तर दिलंय ‘फक्त धारा’. पण बारीक भागात इलेक्ट्रॉन जोरात जातात, तर तिथे धारा जास्त का नाही? आणि पुढे तार बारीक आहे हे त्यांना कळतं कसं?
— बारावीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. पुस्तकं तो सहसा सोडून देतात. पण आधी पहिला.

धारा, म्हणजेच करंट, म्हणजे वेग नव्हे. तारेच्या एखाद्या ठिकाणी आडवा छेद घेतला, तर त्यातून सेकंदाला किती विद्युतभार पलीकडे जातो, ती धारा. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला ६.२५ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन. बारीक भागात ते जोरात जातात खरे, पण वाट अरुंद असल्यामुळे एका वेळी थोडेच जातात. जाड भागात हळू जातात, पण पुष्कळ जातात. दोन्हीकडचा गुणाकार तोच येतो. नदीचं पात्र अरुंद झालं की पाण्याला ओढ येते, पण वरच्या बाजूने जितकं पाणी आलं तितकंच खाली जातं, तसंच हे.

आता आकडे घालून बघू. एक घन मिलिमीटर तांब्यात सुमारे ८५ × १०¹⁸ मोकळे इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येक अणूमागे एक. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर न्यायचा, तर सेकंदाला त्यातले ६.२५ × १०¹⁸ छेदापलीकडे जायला हवेत. म्हणजे सगळ्या थव्याने मिलिमीटरचा साधारण साडेतेरावा भाग पुढे सरकलं की काम झालं. हिशेब येतो सेकंदाला ०.०७३ मिलिमीटर, तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर. हा एकच आकडा लक्षात ठेव : तांब्यात दर चौरस मिलिमीटरला एक अँपिअर असेल, तर वेग सेकंदाला ०.०७३ मिलिमीटर. बाकी सगळं त्रैराशिक.

इथे एक चूक हमखास होते. तारेचा व्यास निम्मा केला की छेद निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून वेग दुप्पट नाही, चौपट होतो. परीक्षेत ‘त्रिज्या’ दिली आहे की ‘क्षेत्रफळ’, ते आधी बघ.

आता इलेक्ट्रॉनला कळतं कसं? त्याला काहीच कळत नाही. कळ दाबल्यावर अगदी पहिल्या क्षणी जाड भागातून जितके इलेक्ट्रॉन सांध्याकडे येतात तितके बारीक भागातून निघत नाहीत. मग सांध्यापाशी, तारेच्या पृष्ठभागावर, थोडे जास्तीचे इलेक्ट्रॉन साचतात. ते मागून येणाऱ्यांना मागे रेटतात आणि पुढच्यांना पुढे ढकलतात. जाड भागातलं विद्युत क्षेत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मिळणारी ढकल, त्यामुळे कमी होतं, बारीक भागातलं वाढतं. येणारे आणि जाणारे सारखे झाले की साचणं थांबतं. हा सगळा व्यवहार अब्जांश सेकंदांच्या हिशेबात उरकतो. त्यानंतर बारीक भागात क्षेत्र जास्त, म्हणून वेग जास्त.

नदीची उपमा मात्र इथे सोडावी लागते. अरुंद घळीतून सुटलेलं पाणी पुढे रुंद पात्रातही काही अंतर आपल्या जोरात जातं. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. तो तांब्यातल्या अडथळ्यांवर सारखा आपटत असतो, दोन धडकांमधला वेळ १०⁻¹⁴ सेकंदाच्या आसपास, त्यामुळे मिळालेला जोर तो लगेच हरवतो. बारीक भागातून जाड भागात आल्याबरोबर पुन्हा संथ.

हे मोजून बघता येतं, आणि जरूर मोजावं. बाजारात दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड वायर मिळते, वेष्टनावर ‘४८/०.२’ असं लिहिलेली घे. म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या ४८ तारा. एक मीटरहून थोडा जास्त तुकडा काप. दुसऱ्या तुकड्याचं आवरण काढून त्यातली एकच तार सोडव, ओढून ताणू नकोस, ताणली की ती बारीक होते. मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, ३ अँपिअरचा फ्यूज, इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, पूर्ण वायर आणि ती एकटी तार, असं सगळं क्लिपांनी एकामागे एक जोड. धारा ०.८ अँपिअरच्या आसपास येईल. मल्टिमीटर सांध्यांच्या जागी घालून मोजलास, तर बल्बच्या आधी, दोन वायरींच्या मध्ये आणि शेवटी, सगळीकडे तोच आकडा दिसेल.

मग मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाल. हे विसरून पिना कुठे टेकवल्या, तर मीटर स्वतःच शॉर्ट होतो. आता पूर्ण वायरच्या एक मीटर अंतरावरचा व्होल्टेज मोज : ९ मिलिव्होल्टच्या जवळपास. एकट्या तारेच्या एक मीटरवर : ४४० मिलिव्होल्टच्या जवळपास. प्रमाण ४८च्या आसपास, म्हणजे छेदांचं जे प्रमाण तेच. क्षेत्र ४८ पट, वेगही ४८ पट : पूर्ण वायरमध्ये सेकंदाला ०.०४ मिलिमीटर, एकट्या तारेत जवळजवळ १.९ मिलिमीटर. मीटरच्या पिना क्लिपांवर टेकवू नकोस, क्लिपांच्या आतल्या बाजूला थेट तांब्यावर टेकव. नाहीतर क्लिपच्या संपर्कावर पडणारे मिलिव्होल्ट त्या ९ मध्ये मिसळतील आणि प्रमाण २०–३० वर येईल. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

प्रश्न : इलेक्ट्रॉन इतके मंद, तर बटण दाबताच दिवा कसा लागतो?
— निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : दिव्यातले इलेक्ट्रॉन दिव्यातच असतात. बटणापासून कोणी निघून तिथे पोचायचं नसतं. पोचायची असते ती ढकल, म्हणजे विद्युत क्षेत्र, आणि ती वायरीच्या कडेने प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने जाते. बटण ते दिवा २० मीटर वायर असली, तर सेकंदाच्या एक कोटीव्या भागात निरोप पोचतो.

घरात एसी, म्हणजे दिशा सतत उलटणारा करंट, असल्यामुळे आणखी एक गंमत आहे. दीडच्या (छेद दीड चौरस मिलिमीटर) वायरमधून ५ अँपिअर जात असले, तर इलेक्ट्रॉनांचा थवा सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो आणि त्या हेलकाव्याची पूर्ण लांबी मिलिमीटरचा साधारण साडेचारशेवा भाग. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. वीज मीटरपाशी असलेला थवा पुढे दिव्याकडे जातच नाही, तो तिथल्या तिथे हलतो.

डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेच्या करंटमध्ये, थवा खरंच पुढे जातो. चार स्क्वेअरच्या वायरमधून ९ अँपिअर डीसी वाहत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला ०.१६ मिलिमीटर. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा १० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचं टोक जवळपास याच वेगाने फिरतं. काट्याकडे टक लावून बघितलं तरी तो हललेला दिसत नाही. ही सरक म्हणजे थव्याची सरासरी चाल. त्यातला एकेक मोकळा इलेक्ट्रॉन तांब्याच्या आत सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने भिरभिरत असतो, पण सगळ्या दिशांना, त्यामुळे त्यातून धारा निघत नाही.

प्रश्न : बाथरूमच्या गीझरसाठी डीबीपासून (घरात वीज वाटणाऱ्या बोर्डापासून) चारची वायर ओढली. शेवटी तीन मीटर कमी पडली, तिथे वायरमनने दीडची वायर जोडली. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) २० अँपिअरचा आहे. तो म्हणतो, ‘मागून जाड वायर आहे, काळजी नको.’ मला वाटतं, जाड वायरमधून येणारा जास्तीचा करंट बारीक वायरमध्ये अडकेल. खरं कोणाचं?
— गृहिणी, नाशिक रोड

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, कारण मात्र वेगळं आहे. जाड वायर जास्त करंट ‘पाठवत’ नाही. करंट किती हे गीझर ठरवतो. २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा असेल तर १३ अँपिअर, आणि तेवढाच करंट चारमधून जातो, दीडमधूनही. अडकत काहीच नाही. पण दीडमध्ये वेग २.७ पट होतो आणि वायरच्या प्रत्येक मीटरमागे तयार होणारी उष्णताही २.७ पट. मागची वायर कितीही जाड असली, तरी पुढच्या बारीक वायरची उष्णता त्यामुळे रतीभरही कमी होत नाही. वायरमनचं म्हणणं इथे चुकतं.

खरा धोका एमसीबीत आहे. एमसीबी गीझरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि तो वाटेतल्या सर्वांत बारीक वायरीच्या मापाचाच हवा. पाइपातून ओढलेल्या दीडच्या तांब्याच्या वायरला आपल्या उन्हाळ्यात १५ अँपिअरच्या आसपासच झेपतात. २० अँपिअरचा एमसीबी २२ अँपिअरला तासभर तरी पडत नाही, तसा तो बनवलेलाच असतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५च्या जागी २२ गेले, तर दुपटीहून जास्त उष्णता. गीझरचं एलिमेंट चिरलं, किंवा त्याच सॉकेटवर कोणी दुसरं काही लावलं, तर एमसीबी गप्प राहील आणि पाइपात वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण मऊ होत जाईल.

उपाय सरळ आहे : ते तीन मीटर काढून चारचीच वायर सलग ओढून घ्या. तोपर्यंत गीझर २००० वॅटचा असेल, तर २०च्या जागी १० अँपिअरचा एमसीबी बसवा, ८.७ त्याला आरामात चालतात. ३००० वॅटचा असेल, तर वायर बदलेपर्यंत गीझर बंदच ठेवा.

जोड कुठे आणि कसा आहे तेही बघून घ्या, अर्थात मेन बंद करून आणि टेस्टरने खात्री करून. पाइपाच्या आत जोड असेल, तर तो चालणारच नाही. जोड बॉक्समध्ये, कनेक्टरमध्ये हवा. जाड आणि बारीक वायर एकाच स्क्रूखाली घातली, की स्क्रू जाड वायरवर टेकतो आणि बारीक वायर नुसती अडकून राहते, बोटाने ओढली तर निघून येते. बारीक वायरचं टोक दुमडून दुहेरी करा, दोन्ही वायरींना वेगवेगळे स्क्रू द्या, आणि घट्ट केल्यावर एकेक ओढून बघा. वायर सोलताना सुरीने दोन-चार तारा तुटल्या, तर त्या जागी छेद कमी होतो, पण तो भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असल्यामुळे शेजारचं तांबं त्याची उष्णता ओढून घेतं. सैल स्क्रू त्याहून फार वाईट. तिथे वायर आणि पितळ एकमेकांना दोन-चार सूक्ष्म ठिपक्यांवरच टेकलेले असतात, सगळे ९ किंवा १३ अँपिअर तेवढ्या ठिपक्यांतून जातात आणि कनेक्टर तपकिरी पडतो.

‘दीडची वायर’ म्हणजे दीड मिलिमीटर जाडीची वायर, असा समज बराच आहे. तो आकडा छेदाच्या क्षेत्रफळाचा. दीडच्या भरीव तारेचा व्यास १.३८ मिलिमीटर, चारच्या तारेचा २.२६. नुसत्या डोळ्यांना चारची वायर दीडच्या दुप्पटही दिसत नाही, आणि दुकानात फसगत होते ती त्यामुळे.

प्रश्न : फ्यूजची तार संपली की वायरमधली एक तार काढून घालतो. चालेल का?
— किराणा दुकानदार, परळी

उत्तर : ५ अँपिअरच्या जुन्या किटकॅट (चिनी मातीच्या, तार बदलता येणाऱ्या) फ्यूजला कथिल चढवलेली ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार लागते, आणि ४८/०.२ वायरमधली एक तार बरोबर तेवढीच असते. त्यामुळे अडचणीत ती चालून जाते, पण एकच, आणि वायर खरंच ०.२च्या तारांची असेल तरच. काही वायरींत ०.३च्या तारा असतात, तिचा छेद सव्वादोन पट, मग फ्यूज ५चा राहत नाही. दोन तारा पिळून घालणं म्हणजे फ्यूज जवळजवळ काढून टाकणं. कथिल नसलेली तार हळूहळू काळी पडून कुजते, म्हणून पहिल्या संधीला खरी फ्यूज तार आणून घाला.

५ अँपिअरला त्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकतात, मागच्या दीडच्या वायरमध्ये पाव मिलिमीटर. धारा तीच, पण तांब्याच्या दर घन मिलिमीटरला होणारी उष्णता ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०० पट. तार वितळते ती यामुळे.

प्रश्न : पाच एचपीची थ्री फेज बोअरची मोटर. स्टार्टरपासून मोटरपर्यंत ३०० मीटर. माझ्याकडे १५० मीटर चारची आणि १५० मीटर अडीचची तांब्याची केबल आहे. जाड केबल मोटरकडे टाकू की स्टार्टरकडे?
— शेतकरी, निफाड

उत्तर : व्होल्टेजच्या दृष्टीने कुठेही टाका, फरक शून्य. करंट दोन्ही तुकड्यांत तोच, आणि दोन्ही तुकड्यांवर पडणाऱ्या व्होल्टेजची बेरीज होते, क्रम काहीही असो.

मोटर ८ अँपिअर घेते असं धरू, नक्की आकडा तुमच्या नेमप्लेटवर बघा. अडीचच्या केबलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, किलोमीटरला ७.४ ओहम, चारचा ४.६. पूर्ण ३०० मीटर अडीचची टाकली, तर ४१५ व्होल्टमधले सुमारे २६ व्होल्ट वाटेतच जातात. पूर्ण चारची टाकली, तर १६. तुमच्या अर्ध्या-अर्ध्याला २१, म्हणजे ५ टक्के. लाइनला पूर्ण व्होल्टेज असेल, तर हे चालतं. पण दुपारी लाइनच ३७० वर आली, तर मोटरला ३५०च्या आसपास मिळतील. मग तोच पंप चालवायला मोटर जास्त करंट ओढते, त्याने केबलमधली घट आणखी वाढते आणि वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) तापतं. सुरू होताना तर मोटर काही क्षण पाच-सहा पट करंट घेते, आणि सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो : १० टक्के व्होल्टेज कमी, तर १९ टक्के जोर कमी. मोटर ‘हूं’ करून अडते ती अशी.

आता जागेचं. बोअरमध्ये पाण्यात बुडालेली केबल थंड राहते, जमिनीवर उन्हात पडलेली तापते. म्हणून चारची उघड्या भागात आणि अडीचची बोअरमध्ये, हे जास्त बरं. दोन मापांचा जोड मात्र बोअरच्या तोंडाशी, जमिनीच्या वर, झाकणाच्या बॉक्समध्ये येईल असं अंतर जुळवा. पाण्यातला प्रत्येक जोड म्हणजे पुढेमागे मोटर वर काढणं आलंच. आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग) नेमप्लेटच्या करंटवरच ठेवा. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून त्याचा काटा पुढे सरकवू नका.

प्रश्न : खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची. ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉन जोरात पळतात म्हणून जोड तापतो, असं ऐकलं. खरं आहे?
— आयटीआयचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : उलट आहे. तांब्याचा अणू एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो, ॲल्युमिनियमचा तीन देतो असं धरतात. त्यामुळे त्याच जाडीत, त्याच करंटला ॲल्युमिनियममधले इलेक्ट्रॉन तांब्यातल्यांच्या निम्म्याहूनही कमी वेगाने सरकतात, एक चौरस मिलिमीटरला एक अँपिअर असेल तर सेकंदाला ०.०३४ मिलिमीटर. तरीही ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, कारण तिथे ते जास्त वेळा अडखळतात. ‘वेग जास्त म्हणजे उष्णता जास्त’ हा नियम एकाच धातूच्या जाड-बारीक भागांपुरताच खरा. धातू बदलला की तो वापरायचा नाही.

जोड तापतो तो वेगळ्याच कारणांनी. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहू देणारा थर येतो. ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे रोज तापून-थंड होऊन स्क्रू सैल होतो. पावसाळ्यात ओल शिरली, की दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरतं. नुसतं पिळून टेप मारलेला जोड या तिन्हींना बळी पडतो. तिथे बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडटोक, हवा. ॲल्युमिनियमचं टोक तारेच्या ब्रशने घासून, लगेच जॉइंटिंग कंपाउंड (हवा आणि ओल रोखणारा लेप) लावून, लगमध्ये तळापर्यंत घालायचं आणि त्याच मापाच्या डायने (दाबायच्या साच्याने) क्रिंप करायचं, म्हणजे दाबून घट्ट बसवायचं. पक्कडीने चेपलेला लग म्हणजे सैल जोडच.

मीटरच्या आधीच्या वायरला हात लावायचा नाही, ते काम वीज कंपनीच्या माणसाचं. तुझं काम मीटरनंतरचं. गीझर किंवा इस्त्री लावल्यावर दिवे मंद होऊन थरथरत असतील, किंवा मेन स्विचच्या टर्मिनलपाशी आवरण ताठ आणि काळपट झालं असेल, तर सप्लाय बंद करून आधी तो जोड उघड. टर्मिनल नुसतं आवळून भागवू नकोस. काळवंडलेला तुकडा मागे चमकदार धातू लागेपर्यंत कापून टाक आणि नवा लग लाव.